नो पार्किंगचं ई-चलन : नोटीस कधी आलीच नाही, आता थेट लोकअदालतीचा मेसेज. काय करावं?

उंबरझाड | ३ मार्च २०२४, रात्री १०:१२

मंडळी, कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे टाकतोय.

शुक्रवारी मेसेज आला. तुमच्या वाहनावर दोन ई-चलनं थकीत आहेत, एकूण २,००० रुपये, "दाखलपूर्व प्रकरण" म्हणून ९ मार्चच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलंय, रक्कम भरा किंवा हजर राहा. आधी वाटलं फसवणुकीचा मेसेज असेल. त्यातल्या लिंकला हात न लावता महाट्रॅफिकच्या साइटवर स्वतः गेलो, गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. मेसेज खरा निघाला.

पहिलं चलन १ जून २०२३ चं, सकाळी ९:४२, नो पार्किंग, ५००. दुसरं १८ ऑक्टोबर २०२३ चं, नो पार्किंगच, पण १,५००. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी मी सराईत झालो.

दोन्ही वेळा ना मेसेज, ना पत्र, ना काचेवर चिठ्ठी, ना जॅमर. आरसीवरचा पत्ता बरोबर आहे, सात वर्षं त्याच घरात राहतोय. गाडी २०२१ साली सेकंडहँड घेतली, नावावर करायचं काम एजंटला दिलं होतं. मोबाईल नंबर या जानेवारीत, कर्जाचा बोजा उतरवताना, मीच ऑनलाइन बदलला. आधी कुठला होता ते पाहिलंच नाही.

१८ ऑक्टोबरचं कबूल. आईला दवाखान्यात सोडायचं होतं, गल्लीच्या तोंडाशी गाडी तशीच लावून गेलो. १ जूनचंही बहुधा माझंच चुकलं. ३१ मेला रात्री मावशीकडे मुक्काम होता, गाडी पी-१ च्या बाजूला लावली (तिथे तारखेप्रमाणे पार्किंगची बाजू बदलते) आणि सकाळी उठून समोर पी-२ ला हलवायची राहून गेली.

प्रश्न एवढाच, की कळवलंच नाही तर दंड लागू होतो का? की गपगुमान भरून मोकळं व्हावं? (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच फाटे नकोत.)

---

भोचक | ३ मार्च, रात्री १०:३१

भरून टाका हो. दोन हजारांसाठी कोण खेटे घालणार?

---

नियमबाबा | ३ मार्च, रात्री १०:४०

"मला मेसेज आला नाही" हे सगळेच म्हणतात. गाडी तुमची, नंबर अपडेट ठेवायचं कामही तुमचं. एजंटवर सोडलंत, आता भोगा. आणि दोन्ही वेळा चुकीचं लावलं हे स्वतःच लिहिलंय, मग धागा कशासाठी?

---

चक्रम_चालक | ३ मार्च, रात्री ११:०५

बाबा, एवढं सोपं नसतं. मी २०१९ मध्ये स्कूटर विकली. घेणाऱ्यानं "आठवड्यात नावावर करतो" म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या आणि गायब झाला. त्यानंतर हेल्मेटची, सिग्नलची, ट्रिपल सीटची चलनं माझ्या नावावर. तीही मला कळली विम्याच्या भानगडीत, दोन वर्षांनी. गाडी मी चालवत नव्हतो हे फोटोत दिसतंय (माझ्या डोक्यावर इतके केस कधीच नव्हते), तरी कागदावर मालक मीच.

---

काळा_कोट | ४ मार्च, सकाळी ७:५०

उंबरझाड, घाईनं भरू नका. भरलंत की कलम २०० खाली तडजोड झाली, गुन्हा मान्य केल्यासारखं. नंतर पैसे परत मागायला फारसा वाव राहत नाही.

आता "नोटीस मिळाली नाही" या मुद्द्याबद्दल. हा मुद्दा घेऊन माझ्याकडे महिन्याला चारदोन जण येतात आणि सगळ्यांना वाटतं हे रामबाण आहे. नाही. नोटीस मिळाली नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही असं होत नाही. या मुद्द्याचा उपयोग एवढाच, की सरकारी बाजूला कागद दाखवायला लावता येतं. कधी पाठवली, कुठल्या नंबरवर, कुठल्या पत्त्यावर, जावक नंबर काय. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधलं कलम २७ असं, की बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टानं पाठवलं असेल तर ते पोचलं असं धरून चालतात आणि पोचलं नाही हे तुम्ही दाखवायचं. पण त्यासाठी आधी पाठवल्याची पावती हवी ना? पावतीच नसेल तर ते गृहीतक उभंच राहत नाही. आणि मोबाईलच्या मेसेजला हे कलम नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्यावरून चलन करायचं तर गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची, सोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, जागा, तारीख, वेळ आणि कलम द्यायचं. अनधिकृत जागी गाडी लावणं त्या यादीत आहे. तुमचं चलन रस्त्यावरच्या पोलिसानं हातातल्या यंत्रावर केलेलं दिसतंय. त्याला हा नियम जसाच्या तसा लागू होतो का यावर वाद घालता येतो, दोन्ही बाजूंनी. म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

मला जास्त वजनदार वाटतो तो मुदतीचा मुद्दा. नो पार्किंगला साधारणपणे मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लावतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ५०० पर्यंत, पुढच्याला १,५०० पर्यंत. शिक्षा फक्त दंडाची. आणि फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ सांगतं. मुदत मोजायची ती प्रकरण कोर्टात दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. तुमचं १ जूनचं चलन १ डिसेंबरपर्यंत कोर्टात गेलं होतं का, हे विचारा. साइटवर ते नुसतं "थकीत" दिसत राहिलं म्हणून दाखल झालं असं होत नाही. अर्थात कलम ४७३ खाली उशीर माफही करता येतो, कारण पटलं तर.

---

भोचक | ४ मार्च, सकाळी ८:१०

मग लोकअदालतीला नाही गेलं तर वॉरंट निघतं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तसं फिरतंय.

---

काळा_कोट | ४ मार्च, सकाळी ८:३२

नाही. दाखलपूर्व प्रकरण म्हणजे नावाप्रमाणे कोर्टात दाखलच न झालेलं. दोघं राजी असतील तर तडजोड, नसतील तर लोकअदालत "कोर्टात जा" म्हणून सांगते. ती तुमच्यावर निर्णय लादू शकत नाही. पण एकदा तडजोडीवर सही केलीत की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. म्हणून जाताना ठरवून जा.

---

नियमबाबा | ४ मार्च, सकाळी ९:१५

म्हणजे वकील लावून, मुदतीच्या पळवाटेतून ५०० रुपये वाचवायचे. वा. रस्त्यावर गाड्या कशा लावल्या जातात ते पाहतोय रोज. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही.

---

ताकभात | ४ मार्च, सकाळी ११:४८

कायद्याचं राहू द्या, माझा एक बाळबोध प्रश्न. पी-१ म्हणजे विषम तारखा आणि पी-२ म्हणजे सम तारखा, बरोबर? उंबरझाड म्हणतायत ३१ मेला पी-१ ला लावली आणि दुसऱ्या दिवशी हलवायला विसरले.

पण ३१ नंतर ३२ येत नाही हो. १ येते. आणि १ पण विषमच.

---

भोचक | ४ मार्च, सकाळी ११:५५

😂😂😂 ताकभात, _/\_

---

चक्रम_चालक | ४ मार्च, दुपारी १२:०३

दंडवत. म्हणजे गाडी बरोबर लावली होती, पोलीसही चुकला आणि मालकही! दोघांनीही आदल्या दिवशीची बाजू आज चालणार नाही असंच धरलं.

---

उंबरझाड | ४ मार्च, दुपारी १:२०

कपाळावर हात मारून घेतला. मी ऑफिसातून फोटो पुन्हा उघडला. काल फक्त आपलीच गाडी आहे ना एवढं पाहिलं होतं. मागून काढलाय. डिकी, नंबरप्लेट, उजव्या चाकाशी पडलेला गुलमोहोराचा सडा. खाली वेळ आणि तारीख छापलेली. डावीकडे फूटपाथवर खांब आहे, त्यावरचा निळा बोर्ड फांदीनं निम्मा झाकलाय. मोठा करून पाहिलं तर "पी" स्पष्ट दिसतो आणि त्यापुढे एक उभी रेघ. तो २ असता तर खालची आडवी रेघ दिसलीच असती, फांदी वरच्या बाजूला आहे.

म्हणजे त्यांच्याच फोटोत माझी बाजू आहे. आणि मी नऊ महिने न आलेल्या नोटिशीवर चिडायच्या तयारीत होतो!

---

नियमबाबा | ४ मार्च, दुपारी १:४५

हे मान्य. चुकीचं चलन रद्द व्हायलाच हवं. १८ ऑक्टोबरचं मात्र भरा.

---

काळा_कोट | ४ मार्च, रात्री ९:४०

ताकभातताई, तुम्ही वकिली करा, मी ताक घुसळतो.

आता गंमत बघा. नोटीस वेळेवर आली असती, तर उंबरझाडांनी त्याच आठवड्यात त्या जागी जाऊन बोर्डाचा स्वच्छ फोटो काढला असता, मावशी साक्षीला होतीच. नऊ महिन्यांत फांद्या वाढतात, बोर्ड बदलतात, माणूस विसरतो. नोटीस न मिळाल्यानं तुमचं काय नुकसान झालं याचं उत्तर हे आहे, आणि तक्रारीत तसंच लिहायचं. "नोटीस मिळाली नाही म्हणून चलन बेकायदा" असं लिहिलंत तर फाइल बाजूला पडेल. "चलन चुकीचं आहे, आणि वेळेत कळवलं नाही म्हणून ते दाखवायची संधी गेली" असं लिहा.

आधी ॲपमधून किंवा साइटवरून तक्रार नोंदवा, फोटो जोडा. सोबत वाहतूक शाखेला लेखी अर्ज, पोच घेऊनच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. राज्याच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे "माझ्यावर झालेल्या अन्यायाबाबत" वगैरे प्रस्तावना नको. कागद मागा, कारणं विचारू नका. मेसेज कुठल्या मोबाईल नंबरवर, कधी पाठवला, पोचल्याची नोंद. टपालानं नोटीस पाठवली असल्यास जावक रजिस्टरमधली नोंद आणि टपाल पावतीची प्रत. मूळ फोटो, वेळेसह. त्या रस्त्यावरच्या पी-१ पी-२ ची अधिसूचना. प्रकरण कोर्टात दाखल केलं का, तारीख. बस.

---

शिळी_कढी | ५ मार्च, दुपारी ४:१८

वाचतेय. माझाही असाच घोळ, पण फोटोत गाडीच दुसरी आहे. माझी पांढरी हॅचबॅक, फोटोत पांढरी सेदान, नंबर माझा. कुणीतरी बनावट प्लेट लावून फिरतोय. मला हे चलनापेक्षा भयंकर वाटतं.

---

काळा_कोट | ५ मार्च, संध्याकाळी ६:०२

शिळी_कढी, तुमचं वेगळं आहे, इथे थांबू नका. आजच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आरसी आणि आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो जोडा, पोच जपून ठेवा. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर पहिले तुमच्या दारात येतील.

---

उंबरझाड | २२ मार्च, रात्री ९:०५

अपडेट. लोकअदालतीला गेलो नाही. ऑनलाइन तक्रारीला दहा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "चलन योग्य आहे." फोटो कुणी उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. लेखी अर्ज देऊन पोच घेतली. टेबलावरचे साहेब म्हणाले, "अहो पाचशेच तर आहेत." सगळे हेच म्हणतात. पाचशेच तर आहेत, म्हणून देऊन टाका. मला ते पाचशे नको होते, त्या पाचशांमुळे पुढचे १,५०० झाले ते खटकत होतं. पहिलं चलन मला कळलंच नाही, मग दुसऱ्याला "पुन्हा केलेला गुन्हा" कसं म्हणता?

माहिती अधिकाराचा अर्ज १५ तारखेला टाकलाय. पहिला खर्डा ३४० शब्दांचा झाला होता. १५० वर आणताना घाम फुटला. इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट सोपा होता.

---

ताकभात | २२ मार्च, रात्री ९:३०

मला पाठवला असतात तर ऐंशी शब्दांत बसवला असता. शाळेत सारांशलेखन शिकवते मी.

---

उंबरझाड | १३ एप्रिल, सकाळी १०:२०

उत्तर आलं, तीस दिवसांच्या एक दिवस आधी. मुद्द्यांवार लिहितो.

मेसेज दोन्ही वेळा "पाठवला" अशी नोंद, पण माझ्या नंबरवर नाही. नंबर अर्धा झाकलाय, शेवटचे चार आकडे दिसतात. टपालानं नोटीस पाठवल्याची नोंद जावक रजिस्टरमध्ये "आढळून येत नाही". प्रकरण कोर्टात दाखल नाही, दोन्हींपैकी एकही. अधिसूचनेची प्रत मिळाली, तो रस्ता पी-१ पी-२ असल्याचं त्यात स्वच्छ लिहिलंय, विषम तारखांना आमच्याच बाजूला. फोटोची छापील प्रतही दिली आणि ती ॲपवरच्यापेक्षा मोठी आहे. बोर्डावरचा १ आता चष्मा न लावताही दिसतो.

उद्या रविवार, आणि १४ एप्रिल म्हणून सुट्टीही. सोमवारी हे घेऊन जातो.

---

काळा_कोट | १३ एप्रिल, दुपारी १२:४४

छान. टेबलावर बोलत बसू नका, थेट निरीक्षकांची वेळ घ्या. कागद चारच न्या : अधिसूचना, फोटो, जावकबाबतचं उत्तर, तुमचा पोच असलेला अर्ज. आणि अधिसूचनेत विषम तारखा लिहिल्यात त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करून न्या. साहेबांना शोधायला लावू नका.

तुम्हाला सांगायचं कर्तव्य म्हणून सांगतो : १८ ऑक्टोबरच्या चलनाचे सहा महिने या १८ एप्रिलला संपतात.

---

नियमबाबा | १३ एप्रिल, दुपारी १:१०

आता बघूया उंबरझाड किती सरळ आहेत ते. 😏

---

उंबरझाड | २ मे, रात्री १०:५०

निरीक्षक बाई होत्या. पाच मिनिटं लागली. फोटो पाहिला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग स्वतःशीच म्हणाल्या, "एकतीस आणि एक... हे बरंय, दर दुसऱ्या महिन्याला आमची पंचाईत." अर्जावर शेरा मारला. आज साइटवर १ जूनचं चलन दिसत नाही.

दुसरं अजून १,५०० च दाखवतंय. पहिलं गेलं म्हणजे हे आता पहिलं झालं, ५०० व्हायला हवं. बाईंना पटलं, पण म्हणाल्या, रक्कम सिस्टीम टाकते, आम्हाला हातानं बदलता येत नाही, पुढच्या लोकअदालतीत मांडा.

नियमबाबा, मुदत संपली हे मला ठाऊक आहे. भरणार आहे. त्या दिवशी मागून रुग्णाला घेऊन एक रिक्षा आली होती आणि माझ्या गाडीमुळे तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबावं लागलं. आईला आत बसवून मी बाहेर आलो तेव्हा रिक्षावाला त्या आजोबांना हाताला धरून चालवत आणत होता. ते आठवलं की मुदतीचा मुद्दा तोंडातून निघत नाही.

---

नियमबाबा | २ मे, रात्री ११:१४

_/\_ शब्द मागे घेतो.

---

काळा_कोट | १४ जुलै, सकाळी ८:०५

धागा वर काढतोय, कारण हा वाचून तिघं जुनी कलमं छापून घेऊन आले. १ जुलैपासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीये. मुदतीचं जुनं ४६८ आता कलम ५१४ मध्ये आहे. सहा महिने तेवढेच.

---

उंबरझाड | २८ जुलै, संध्याकाळी ७:३०

काल लोकअदालतीत दुसरं चलन ५०० वर मिटलं. रांग मोठी होती, काम दोन मिनिटांचं. पावती घेतली आणि फोटो काढून ठेवला.

एक राहिलं होतं. माहिती अधिकाराच्या उत्तरातले ते शेवटचे चार आकडे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. काल आरसीचं जुनं पाकीट आवरताना त्यातून एजंटचं व्हिजिटिंग कार्ड पडलं. तेच आकडे. गाडी नावावर करताना यानं स्वतःचाच नंबर टाकला होता.

फोन लावला. ओळख दिली, गाडीचा नंबर सांगितला, चलनाचे मेसेज तुमच्याकडे येत होते का विचारलं.

"येत असतील की साहेब. माझ्याकडे दोन-अडीचशे गाड्यांचे येतात. मी कुठं वाचत बसू?"

---

भोचक | २८ जुलै, संध्याकाळी ७:३४

थांबा, माझी गाडी पण एजंटनेच केलीये. परिवहनवर नंबर कुठे बघायचा?